बिल क्लेम

विल्यम जोसेफ तथा बिल क्लेम (२२ फेब्रुवारी, १८७४:रॉचेस्टर, न्यू यॉर्क, अमेरिका - १६ सप्टेंबर, १९५१:मायामी, फ्लोरिडा, अमेरिका) हे अमेरिकन बेसबॉल पंच होते. १९०५ ते १९४१ अशी सलग ३७ वर्षे त्यांनी नॅशनल लीगमध्ये पंचगिरी केली. या काळात त्यांनी १८ वर्ल्ड सिरीजमध्ये पंच म्हणून काम केले. हा विक्रम आजही अबाधित आहे.

पार्श्वभूमी

क्लेम यांचे मूळ आडनाव क्लिम असे होते. १९०२ मध्ये त्यांनी लहान लीगमधून पंचगिरीस सुरुवात केली. त्यापूर्वीच्या दशकात बहुतेक सामन्यांना एकच पंच असे. त्याची नजर चेंडूकडे वळताच क्षेत्ररक्षक धावकाचा पट्टा धरून ठेवीत किंवा वाटेत आडवे उभे राहत. जॉन मॅकग्रॉ यांची याबाबत विशेष ख्याती होती. पुढे हेच मॅकग्रॉ न्यू यॉर्क जायंट्सचे व्यवस्थापक झाले आणि क्लेम यांच्याशी त्यांचे वारंवार खटके उडाले.

चेंडू हातात नसताना आणि तो अडविण्याच्या प्रयत्नातही नसताना क्षेत्ररक्षकाने धावकाची वाट रोखणे, यास बेसबॉलमध्ये अडथळा म्हणतात. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षकाने फलंदाजास अडविल्यास ते हेतुपुरस्सर होते की नाही हे पंच पाहतात. बेसबॉलमध्ये हेतू गौण ठरतो. अडविलेल्या धावकालाच बाद करण्याचा प्रयत्न चालू असेल, तर खेळ तत्काळ थांबवून त्याला किमान एक बेस बहाल केला जातो. अन्यथा खेळ पूर्ण होऊ दिला जातो व अडथळा नसता तर धावक कोठे पोहोचला असता, हे पंच ठरवतो. म्हणजे जे घडलेच नाही त्याचा निवाडा करावा लागतो. पंचाच्या शब्दाला वजन नसेल तर असा निवाडा मैदानावर टिकत नाही, आणि क्लेम यांनी कमावले ते हे वजन.

कारकीर्द

८ ऑक्टोबर, १९०८ रोजी जायंट्स आणि शिकागो कब्ज यांच्यात नॅशनल लीगचे विजेतेपद ठरविणारा सामना झाला. त्याआधी जायंट्सला अनुकूल निर्णयांसाठी क्लेम व सहपंच जेम्स जॉन्स्टोन यांना २,५०० डॉलरची लाच देऊ करण्यात आली. दोघांनी ती नाकारून प्रकार वरिष्ठांना कळविला. कब्जने सामना ४-२ असा जिंकला.

१९०९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये एक फटका प्रेक्षकांत नेमका कोठे पडला हे क्लेम आणि बिली एव्हान्स या दोघांनाही दिसले नाही. अखेर प्रेक्षकांनाच विचारून निर्णय द्यावा लागला! त्यानंतर त्या मालिकेत चारही पंच एकाच वेळी मैदानावर उतरविण्यात आले.

क्लेम कॅचरच्या थेट मागे न राहता किंचित बाजूला उभे राहत आणि छातीचे कवच कोटाच्या आत घालत. हातवाऱ्यांनी निर्णय दर्शविण्याच्या पद्धतीचे श्रेयही त्यांना दिले जाते, मात्र त्यावर इतरांचाही दावा आहे. वाद वाढल्यास ते बुटाने मातीत रेघ ओढीत. ती ओलांडणाऱ्यास मैदानाबाहेर जावे लागे.

निवृत्तीनंतर ते नॅशनल लीगच्या पंचांचे प्रमुख होते. १९५३ मध्ये टॉमी कॉनली यांच्यासह त्यांची बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. हा मान मिळालेले हे दोघे पहिले पंच होत.