आकाशातली लढाई टेबलावर आणणारा माणूस, ज्याला जिंकल्यावर घरी बसवलं

६ सप्टेंबर १९३९. ब्रिटननं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारून जेमतेम तीन दिवस झाले होते. सकाळीच शत्रूची विमानं येत असल्याची खबर आली आणि ब्रिटिश फायटर विमानं आकाशात झेपावली. घोळ असा झाला की रडारवर तीच शत्रूची म्हणून दिसू लागली. मग त्यांना अडवायला आणखी विमानं सोडली गेली. शेवटी ब्रिटनच्या स्पिटफायर विमानांनी ब्रिटनचीच दोन हरिकेन पाडली. एक तरुण पायलट गेला. जर्मनांचं एकही विमान आलं नव्हतं.

ही यंत्रणा ज्यांनी उभी केली होती, त्यांचं नाव ह्यू डाउडिंग.

१८८२ साली स्कॉटलंडमधल्या मॉफॅट गावी जन्म, वडील शाळा चालवायचे. ह्यू तोफखान्यात गेले, भारतातही नोकरी केली, मग विमान शिकले. पहिल्या महायुद्धात थकलेल्या पायलटना विश्रांती द्या म्हणून वरिष्ठांशी भांडले. माणूस अबोल आणि ताठ, म्हणून सहकारी त्यांना 'स्टफी' म्हणायचे. १९२० मध्ये पत्नी वारली, पदरात लहान मुलगा डेरेक.

१९३६ मध्ये ते फायटर कमांडचे पहिले प्रमुख झाले. मुख्यालय लंडनजवळच्या बेंटली प्रायरीत. बॉम्बर विमानांना अडवताच येत नाही, असं तेव्हा मोठमोठे लोक मानायचे. डाउडिंग यांना ते पटत नव्हतं.

रडार नवंकोरं होतं, पण नुसतं रडार असून भागत नाही. दोन केंद्रं एकाच टोळीला दोन टोळ्या समजू शकतात. म्हणून किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांचे फोन आधी 'फिल्टर रूम'मध्ये यायचे. तिथं माहिती ताडून बघायची, चाळायची आणि मगच ऑपरेशन्स रूमला द्यायची. ही रडार समुद्राकडे तोंड करून होती. शत्रूनं किनारा ओलांडला की पुढचं काम दुर्बिणी घेऊन बसलेल्या निरीक्षकांचं.

ऑपरेशन्स रूममध्ये मोठ्या टेबलावर नकाशा. हवाई दलातल्या मुली कानाला हेडफोन लावून लांब काठ्यांनी सोंगट्या सरकवायच्या. भिंतीवरच्या घड्याळात दर पाच मिनिटांचा पट्टा लाल, पिवळा किंवा निळा. माहिती ज्या पट्ट्यात आली, त्याच रंगाची सोंगटी लावायची. म्हणजे कोणती खबर ताजी आणि कोणती शिळी, हे वरच्या गॅलरीत बसलेल्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळायचं. कॉम्प्युटर नसताना हे डोकं!

आणखी एक गोष्ट. कोणती स्क्वाड्रन कधी उडवायची, हे डाउडिंग स्वतः ठरवत नसत. ते ग्रुपचे प्रमुख ठरवायचे आणि हवेतल्या पायलटला दिशा द्यायचं काम सेक्टरचा कंट्रोलर करायचा. त्यामुळे विमानांना आकाशात उगाच घिरट्या घालाव्या लागत नसत. सप्टेंबरच्या त्या दुर्घटनेनंतर आपलं विमान रडारवर ओळखू येईल, असं यंत्र बसवायच्या कामाला वेग आला.

मे १९४० मध्ये फ्रान्स कोसळत होता आणि तिकडून आणखी फायटर विमानांची मागणी येत होती. १६ मे रोजी डाउडिंग यांनी हवाई मंत्रालयाला पत्र लिहून स्पष्ट सांगितलं, की अशीच विमानं पाठवत राहिलो तर ब्रिटनही हातचा जाईल. पंतप्रधान चर्चिल यांच्या इच्छेविरुद्ध बोलायला छाती लागते.

१० जुलैपासून 'बॅटल ऑफ ब्रिटन' सुरू झाली. टेबलावरच्या त्या सोंगट्यांमागे डाउडिंग यांचा मुलगाही होता. डेरेक फायटर पायलट होता. ऑक्टोबर संपेपर्यंत फायटर कमांडचे ५४४ वैमानिक गेले. डेरेक वाचला. जर्मनांना ब्रिटनचं आकाश जिंकता आलं नाही.

आणि नोव्हेंबरमध्ये डाउडिंग यांनाच पदावरून हटवलं.

११ ग्रुपचे कीथ पार्क लहान तुकड्या तातडीनं पाठवायचे, तर १२ ग्रुपचे ली-मॅलरी यांना अनेक स्क्वाड्रन एकत्र करून मोठा हल्ला हवा होता. दोघांचं भांडण डाउडिंग यांनी वेळीच मिटवलं नाही, ही त्यांची चूकच. शिवाय रात्रीच्या बॉम्बहल्ल्यांपुढे त्यांची यंत्रणा तोकडी पडत होती. पण म्हणून असं वागवायचं? १९४१ मध्ये मंत्रालयानं या लढाईवर पुस्तिका काढली, तिच्यात त्यांचं नावही नव्हतं.

१९४३ मध्ये त्यांना लॉर्ड केलं गेलं. तेव्हा त्यांनी किताबात नाव घेतलं ते बेंटली प्रायरीचं. १५ फेब्रुवारी १९७० रोजी ते वारले. त्यांच्या अस्थी वेस्टमिन्स्टर ॲबीत आहेत.