दुर्गा खोटे

दुर्गा खोटे (जन्म : मुंबई, १४ जानेवारी १९०५, मृत्यू : २२ सप्टेंबर १९९१) या मराठी व हिंदी चित्रपटांतील आणि मराठी रंगभूमीवरील ख्यातनाम अभिनेत्री होत्या. मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) याच्या त्या नायिका होत. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील स्त्रीने चित्रपटात काम करणे निषिद्ध मानले जाण्याच्या काळात त्यांनी या व्यवसायात प्रवेश केला आणि पुढे सुमारे पन्नास वर्षे अभिनेत्री व निर्माती म्हणून काम केले. १९८३ साठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना देण्यात आला.

== जन्म आणि शिक्षण ==

दुर्गाबाईंचे माहेरचे नाव विठा लाड. वडील पांडुरंग शामराव लाड व आई मंजुळाबाई. लाड कुटुंब मूळचे गोव्याचे असून घरात कोकणी बोलली जात असे. मुंबईतील कांदेवाडी येथे मोठ्या एकत्र कुटुंबात त्यांचे बालपण गेले. त्यांचे शालेय शिक्षण कॅथीड्रल हायस्कुलात झाले व पुढील शिक्षणासाठी त्यांनी सेंट झेवियर्स महाविद्यालयात प्रवेश घेतला. मुलींचे शिक्षण प्राथमिक शाळेपुढे क्वचितच जाण्याच्या त्या काळात त्यांना मिळालेले इंग्रजी शिक्षण अपवादात्मक होते.

== विवाह आणि अर्थार्जनाची गरज ==

महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांचा विवाह विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. विश्वनाथ खोटे यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. या दांपत्याला बकुळ व हरीन असे दोन मुलगे झाले. दुर्गाबाईंना ऐन तारुण्यात वैधव्य आले. मुलांच्या संगोपनासाठी नातलगांवर अवलंबून राहणे त्यांना मान्य नव्हते. चित्रपटात येण्यापूर्वी त्यांनी शिकवण्या करून पाहिल्या. चित्रपटसृष्टीकडे त्या वळल्या त्यामागे हौस किंवा प्रसिद्धीची ओढ नव्हती, तर स्वतःच्या कमाईवर घर चालवण्याची निकड होती.

== चित्रपटसृष्टीत प्रवेश ==

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. पुढे स्त्रिया मूकपटांत दिसू लागल्या, तरी मध्यमवर्गीय हिंदू कुटुंबांत या व्यवसायाविषयीची अढी कायम होती.

अशा स्थितीत मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटात दुर्गाबाईंनी एक लहान भूमिका केली. चित्रपटाला यश मिळाले नाही. नामवंत घराण्यातील स्त्री पडद्यावर आल्याबद्दल मात्र समाजात बरीच टीका झाली व त्याची झळ त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या माणसांनाही पोहोचली.

== प्रभात फिल्म कंपनी ==

या प्रकारानंतर चित्रपटात पुन्हा काम मिळणे वा करणे दोन्ही अवघड वाटत असताना व्ही. शांताराम यांनी त्यांना ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात तारामतीची भूमिका दिली. प्रभात फिल्म कंपनी त्या वेळी कोल्हापुरात होती. हा बोलपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार झाला. हरिश्चंद्राची भूमिका व संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ झालेली नसल्याने दुर्गाबाईंनी आपली गाणी स्वतःच गायिली. राणीपदावरून दासीपणापर्यंत कोसळलेली, परंतु तोल न सोडणारी तारामती प्रेक्षकांना भावली. ज्या तारामतीसाठी एकोणीस वर्षांपूर्वी स्त्री मिळत नव्हती, ती भूमिका आता एका महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या स्त्रीने केली होती. चित्रपटाच्या यशानंतर त्यांच्यावरील टीकेची धार बरीच बोथट झाली आणि सुशिक्षित घरांतील इतर मुलींना या क्षेत्राची वाट मोकळी होऊ लागली.

त्याच वर्षी प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’ या चित्रपटात त्यांनी स्त्रीराज्याची राणी किलोतला साकारली. सोशिक तारामतीच्या पाठोपाठ आलेली ही करारी, सत्ताधारी राणी म्हणजे त्यांच्या अभिनयाची दुसरी बाजू होती.

प्रभातचा ‘अमरज्योती’ (१९३६) हा त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्यात त्यांनी समुद्रावर लुटारूंचे नेतृत्व करणाऱ्या सौदामिनीची भूमिका केली. स्वतःच्या मुलाचा ताबा मागणाऱ्या सौदामिनीला राज्याचा कायदा तो हक्क नाकारतो आणि ती त्या व्यवस्थेविरुद्ध शस्त्र उचलते, असे हे कथानक आहे. तिचा प्रतिस्पर्धी दुर्जय ही भूमिका चंद्रमोहन यांनी, तर राजकन्या नंदिनीची भूमिका शांता आपटे यांनी केली. स्त्रीच्या दास्याचा प्रश्न इतक्या थेटपणे मांडणारी नायिका तोवरच्या भारतीय चित्रपटांत विरळाच होती.

== कोलकाता आणि स्वतंत्र व्यवसाय ==

त्या काळी कलावंत एखाद्या चित्रपटसंस्थेत मासिक पगारावर बांधलेले असत व संस्थेबाहेर काम करण्याची त्यांना सहसा मुभा नसे. दुर्गाबाईंनी एकाच संस्थेशी कायमचे बांधून न घेता निरनिराळ्या संस्थांमध्ये काम केले. अशा रीतीने स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या भारतीय चित्रपटसृष्टीतील सुरुवातीच्या कलावंतांत त्यांची गणना होते.

कोलकात्यात देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी न्यू थिएटर्सचा ‘राजरानी मीरा’ (१९३३) व ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा ‘सीता’ (१९३४) हे चित्रपट केले. ‘सीता’मध्ये पृथ्वीराज कपूर राम होते. व्हेनिस येथील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवण्यात आला व त्याला सन्मानपत्र मिळाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘साथी’ या चित्रपटाची निर्मिती केली. चित्रपटनिर्मितीत उतरलेल्या आरंभीच्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत.

१९४० च्या दशकात नायिकेच्या साच्याबाहेरच्या भूमिका त्यांनी स्वीकारल्या. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (हिंदी : ‘चरणों की दासी’, १९४१) मध्ये त्या सुनेला छळणारी सासू झाल्या. विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ (१९४२) मध्ये त्यांनी कैकेयी उभी केली. या दोन्ही भूमिकांसाठी बंगाल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशनचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना लागोपाठ मिळाला. सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वी वल्लभ’ (१९४३) मधील त्यांची मृणालवतीही गाजली.

== चरित्र भूमिका ==

वय वाढल्यावर अनेक नायिकांना पडद्यावरून दूर व्हावे लागले, परंतु दुर्गाबाईंची कारकीर्द चरित्र भूमिकांतून आणखी तीन दशके चालू राहिली. के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मध्ये त्यांनी पती अकबर व पुत्र सलीम यांच्या संघर्षात सापडलेली जोधाबाई साकारली. अकबराच्या भूमिकेत ‘सीता’तील त्यांचे सहकलाकार पृथ्वीराज कपूर होते. जेम्स आयव्हरी यांच्या ‘द हाउसहोल्डर’ (१९६३) मध्ये त्यांनी शशी कपूर यांच्या आईची भूमिका केली.

पुढे ‘अनुपमा’, ‘बावर्ची’, ‘अभिमान’, ‘बॉबी’, ‘खुशबू’ व ‘कर्ज’ अशा चित्रपटांतून आई, आजी, मावशी या भूमिकांत त्या नव्या पिढीच्या परिचयाच्या झाल्या. ‘बिदाई’ (१९७४) साठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हे पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाल्यामुळे त्यांच्या नायिकापदाच्या काळातील कामाला तो मिळण्याचा संभव नव्हता.

== रंगभूमी ==

चित्रपटात स्थिरावल्यानंतरही दुर्गाबाईंनी रंगभूमीवर सातत्याने काम केले. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन (इप्टा) आणि मुंबई मराठी साहित्य संघ या संस्थांशी त्यांचा संबंध होता. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’ या नाटकातील आनंदीबाई आणि वि. वा. शिरवाडकर यांनी ‘मॅकबेथ’वरून लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधील नायिका या त्यांच्या विशेष उल्लेखनीय भूमिका होत. ‘कीचकवध’, ‘वैजयंती’, ‘कौंतेय’ या नाटकांतही त्यांनी कामे केली. १९५८ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमी पुरस्काराने गौरवण्यात आले.

== लघुपट, जाहिरातपट व दूरदर्शन ==

१९५२ मध्ये त्यांनी ‘फॅक्ट फिल्म्स’ ही संस्था स्थापन केली. पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ या नावाने तिचे काम चालले. या संस्थेने अनुबोधपट, लघुपट व जाहिरातपट तयार केले. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवर आधारलेली ‘वागळे की दुनिया’ ही दूरदर्शनवरील लोकप्रिय मालिका (१९८८) याच संस्थेची निर्मिती होती.

== कुटुंब ==

ज्येष्ठ नाट्यदिग्दर्शिका विजया मेहता या दुर्गाबाईंच्या स्नुषा. त्यांचा प्रथम विवाह हरीन खोटे यांच्याशी झाला होता. हरीन यांचे अकाली निधन झाले व तो आघात दुर्गाबाईंना उतारवयात सोसावा लागला. अभिनेत्री शुभा खोटे व अभिनेते विजू खोटे हे त्यांच्या दिराची, नंदू खोटे यांची मुले होत.

== आत्मचरित्र ==

‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला असून तो २००६ मध्ये प्रकाशित झाला. बोलपटाच्या आरंभकाळात नोकरदार स्त्रीप्रमाणे घर व व्यवसाय सांभाळणाऱ्या अभिनेत्रीचे जीवन समजून घेण्यासाठी हे पुस्तक महत्त्वाचे साधन ठरले आहे.

== पुरस्कार व सन्मान ==

* बंगाल फिल्म जर्नलिस्ट्स असोसिएशन पुरस्कार – ‘चरणों की दासी’ व ‘भरत मिलाप’
* संगीत नाटक अकादमी पुरस्कार – १९५८
* पद्मश्री – १९६८
* फिल्मफेअर पुरस्कार, सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्री – ‘बिदाई’
* दादासाहेब फाळके पुरस्कार – १९८३
* भारतीय चित्रपटसृष्टीच्या शताब्दीनिमित्त २०१३ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.