पंख्यामागचा माणूस: डॅनियल बर्नोली

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला हमखास येणारा आणि व्हायव्हाला एक्स्टर्नलच्या तोंडी पहिल्यांदा येणारा बर्नोली आपल्याला एका समीकरणापुरताच माहीत असतो. त्याचं पहिलं नाव विचारलं, की अर्धा वर्ग छताकडे बघायला लागतो! मी त्याच्याकडे वळले ती परीक्षेमुळे नव्हे, कॉम्प्युटरच्या पंख्यामुळे. हॉस्टेलवर पीसी असेंबल करणाऱ्या प्रत्येकाची मागणी एकच असते: हवा भरपूर हवी आणि आवाज नको, कारण रूम पार्टनरला झोपायचं असतं. गंमत म्हणजे हवेचा प्रवाह आणि आवाज, दोन्ही विषयांत पायाभूत काम करणारा माणूस एकच निघाला. म्हणून ही त्याची गोष्ट.

डॅनियलचा जन्म १७०० साली हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनला झाला. घर मूळचं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचं. काका याकोब आणि वडील योहान हे दोघेही नावाजलेले गणिती. आपल्याकडे एखाद्या घरात गाणं असतं, तसं त्यांच्या घरात गणित होतं. तरीही वडिलांनी ठरवलं, की गणितात पैसा नाही, मुलाने व्यापार शिकायचा. व्यापार काही जमेना. मग हुकूम झाला, डॉक्टर हो. कमाल म्हणजे खुद्द योहान यांनाही त्यांच्या वडिलांनी आधी व्यापारात आणि मग मेडिकलला घातलं होतं आणि त्यांनी थोरल्या भावाकडून गणित शिकून घेतलं होतं! स्वतः भोगलेलं माणूस मुलाच्या वेळी कसं विसरतो, कोण जाणे. आपल्यापैकी कितीजणांची ब्रँच घरच्यांनी ठरवली, हे मी इथे विचारत नाही.

डॅनियल डॉक्टर झाला खरा, पण प्रबंधाला विषय घेतला श्वासोच्छ्वासाचा, म्हणजे छातीत हवा आत-बाहेर कशी होते याचं मेकॅनिक्स. वडिलांकडून आणि मोठा भाऊ निकोलाउस याच्याकडून तो गणित शिकतच होता. बाझेल विद्यापीठात त्याने दोनदा नोकरीसाठी प्रयत्न केला. तिथे शेवटची निवड चिठ्ठ्या टाकून व्हायची आणि दोन्ही वेळा नशिबाने दगा दिला. मग तो व्हेनिसला गेला, १७२४ मध्ये गणितावरचं पहिलं पुस्तक काढलं आणि १७२५ मध्ये दोघे भाऊ रशियात सेंट पीटर्सबर्गच्या नव्या अकादमीत रुजू झाले. वर्षभरातच निकोलाउस तापाने गेला. परक्या देशात, त्या थंडीत सख्खा भाऊ गमावलेल्या डॅनियलला पुढे सोबत मिळाली ती १७२७ मध्ये आलेल्या ऑयलरची. तोही वडिलांचाच विद्यार्थी.

याच काळात त्याचं मोठं काम उभं राहिलं. पाणी वाहत असलेल्या नळाला भोक पाडून त्यात एक बारीक उभी नळी बसवायची. तिच्यात पाणी किती वर चढतं, यावरून आतला दाब कळतो. वेग वाढला की दाब उतरतो, जणू एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेले. हा सगळा हिशेब त्याने १७३८ मध्ये छापलेल्या 'हायड्रोडायनामिका' या पुस्तकात मांडला. आपण पाठ करतो त्या रूपातलं समीकरण नंतर ऑयलरने लिहिलं, पण त्यामागचा विचार डॅनियलचा.

पंखा निवडताना हाच विचार कामी येतो. पंख्याच्या माहितीत दोन आकडे असतात, सीएफएम आणि स्टॅटिक प्रेशर. सीएफएमचा आकडा समोर काहीच अडथळा नसतानाचा, तर प्रेशरचा आकडा हवा पूर्ण अडवलेली असतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत! कॅबिनेटमध्ये पंखा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतो. इथे नुसतं बर्नोलीचं समीकरण लावून भागत नाही, कारण पंखा बाहेरून ऊर्जा घालतो आणि जाळ्या, फिल्टर ती खातात. पण ऊर्जा आली किती आणि गेली कुठे, हे विचारायची सवय त्याचीच. म्हणून मागच्या मोकळ्या जाळीवर जास्त सीएफएमचा पंखा लावावा आणि दाट हीटसिंकवर किंवा धुळीच्या फिल्टरमागे जास्त प्रेशरचा.

आता घरातली गोष्ट. डॅनियल बाझेलला परतला आणि १७३४ मध्ये पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस बाप-लेकाला विभागून मिळालं. आपल्याकडे पेढे वाटले असते! योहान यांना मात्र मुलगा आपल्या बरोबरीचा ठरला, हे सहन झालं नाही. त्यांनी त्याला घराची दारं बंद केली. तरीही 'हायड्रोडायनामिका'च्या पहिल्या पानावर डॅनियलने स्वतःची ओळख योहानचा मुलगा अशीच छापली. पुढे काही वर्षांतच वडिलांचं त्याच विषयावरचं 'हायड्रॉलिका' आलं आणि त्यावर साल टाकलं होतं १७३२, म्हणजे मुलाच्या पुस्तकाच्या आधीचं! सबमिशनला मागची तारीख टाकणारे आपण पहिले नाही तर. डॅनियलने ऑयलरला पत्र लिहून आपली वर्षानुवर्षांची मेहनत लुटली गेल्याचं दुःख सांगितलं. पण त्याने काम थांबवलं नाही.

१७५३ मध्ये त्याने आवाजाबद्दलची आपली कल्पना मांडली. तारेचं कंपन म्हणजे अनेक साध्या कंपनांची बेरीज. मूळ स्वर आणि त्याच्या पटीतले वरचे स्वर एकदमच वाजत असतात. तंबोरा ऐकलेल्याला हे लगेच पटेल. पंख्याचंही तसंच. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, तेव्हा एका जागेवरून सेकंदाला १४० वेळा पातं जातं. त्याच फ्रीक्वेन्सीची आणि तिच्या पटींची गुणगुण आपल्याला ऐकू येते. वाऱ्याचा नुसता सूं सूं आवाज चालतो, एका सुरातली गुणगुण डोकं उठवते. त्यामुळे डेसिबलच्या एका आकड्यावर जाऊ नका, जमलं तर पंखा चालवून ऐका. आणि मोठा पंखा हळू फिरवा. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ ८० मिलिमीटरवाल्याच्या सव्वादोन पट असतं, त्यामुळे तेवढीच हवा कमी फेऱ्यांत मिळते. तोच पंखा निम्म्या वेगाने फिरवला, तर हवा निम्मी होते, प्रेशर एक चतुर्थांश, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. सौदा वाईट नाही!

१७५० पासून डॅनियल बाझेलला फिजिक्स शिकवत होता. वर्गात प्रयोग करून दाखवायचा, त्यामुळे गर्दी व्हायची. पॅरिसची बक्षिसं त्याने एकूण १० वेळा मिळवली. देवीचा रोग टोचून घ्यावा की नाही, याचंही गणित १७६० मध्ये मांडलं. त्याच्याबद्दल एक आठवण सांगतात. तरुणपणी प्रवासात एका अनोळखी माणसाला त्याने आपलं नाव सांगितलं. त्याला वाटलं चेष्टाच आहे, तर त्यानेही आपण आयझॅक न्यूटन असल्याचं सांगून टाकलं! डॅनियलला म्हणे ही दाद जन्मभर सगळ्यात जास्त आवडली. १७८२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी तो बाझेललाच वारला.

त्याचं श्रेय ओढून घेण्याचा प्रयत्न झाला, पण आज जगभरच्या वर्गांत ते समीकरण बर्नोलीचंच म्हटलं जातं. अडचण एवढीच, की आडनाव बापाचंही तेच. म्हणून सांगते, पुढच्या व्हायव्हाला बर्नोली आला, की पहिलं नावसुद्धा सांगा. डॅनियल.