तसबिरीच्या कोपऱ्यातले मुळगावकर

पेडणे-डिचोलीकडची आपली माणसे मुंबईत चाळींच्या खोल्यांत राहू लागली, त्याला आता तीन-चार पिढ्या झाल्या. त्या चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत. आपल्या मंडळाच्या एका सभासदाची खोली अशीच रिकामी करायची होती, म्हणून आम्ही चौघे हाताशी गेलो होतो. भांडी, ट्रंका, शिवणयंत्र सगळे खाली गेले. राहिली देवघरावरची लक्ष्मीची तसबीर. काच तडकलेली, चौकटीला वाळवी, आणि देवीचा चेहरा, साडी, कमळ सगळे निळसर पडलेले. घरच्यांनी ती रीतीप्रमाणे देवळाजवळच्या पिंपळाखाली ठेवायचे ठरवले होते. काच पुसताना उजव्या कोपऱ्यात सही दिसली. मुळगावकर.

आमच्यापैकी दोघे डिचोली तालुक्यातले. मुळगाव म्हटल्यावर त्यांचे कान टवकारले. मग ती तसबीर पिंपळाखाली गेली नाही, मंडळाच्या कचेरीत आली आणि आम्ही या चित्रकाराच्या मागे लागलो.

रघुवीर शंकर मुळगावकर यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1918 चा, अस्नोड्याचा. अस्नोडा बार्देशात मोडते, पण अगदी कडेला. गाव ओलांडले की डिचोली तालुका लागतो, आणि ज्या गावाचे नाव या आडनावात आहे ते मुळगाव तिथून हाकेच्या अंतरावर. मुळगावची केळबाई, शेजारच्या शिरगावची लईराई, मयेची महामाया, आणि पार पेडण्यात मोरजीला मोरजाई, या बहिणी-बहिणी हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. वैशाखात लईराईची जात्रा भरते, धोंड होमकुंडातून जातात आणि सगळ्या पंचक्रोशीला मोगऱ्याच्या कळ्यांचा वास येतो. केळबाई तर गोव्यात पुष्कळ ठिकाणी गजलक्ष्मीच्या रूपात पुजली जाते: दोन्ही बाजूंनी हत्ती, मधे देवी. पुढे ज्या माणसाची लक्ष्मी घरोघरी पोचली, त्याच्या मुलखात ही देवी आधीपासून दगडात बसलेली होती. दोन्हींचा सरळ संबंध जोडण्याचा आमचा आग्रह नाही, पण ही गोष्ट मनातून जात नाही.

आणखी एक. बार्देशात, तिसवाडीत, साष्टीत एके काळी मूर्तिपूजेवर बंदी होती. त्या काळापासून काही घरांत चवथीला मातीच्या गणपतीऐवजी कागदावर काढलेल्या गणपतीची पूजा होते. कागदावरचा देव हाही देवच, हे गोव्याच्या माणसाला छापील तसबिरी यायच्या कितीतरी आधी पटलेले होते. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांकडे 1780 च्या दशकात, म्हणजे फार उशिरा आले, त्यामुळे तिकडची देवळे बरीचशी जागच्या जागी राहिली. अस्नोडा या दोन्ही मुलखांच्या सीमेवर वसलेले.

मुळगावकरांच्या लहानपणी गोव्यात चित्रकलेचे महाविद्यालय नव्हते. ते निघाले 1972 साली, आणि तोवर मुळगावकरांच्या आयुष्याची चारच वर्षे उरली होती. ज्याच्या हातात रेष होती त्याला मुंबई गाठावी लागे. सांग्याचे आंतोनियो शावियर त्रिंदाद त्यांच्या आधीच्या पिढीत मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवू लागले. दीनानाथ दलाल गेले, साळगावचे सूझा गेले, लक्ष्मण पै गेले. मुळगावकरही गेले. पण मुंबईत या सगळ्यांच्या वाटा फुटल्या. सूझांनी 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा करण्यात पुढाकार घेतला आणि पुढे देश सोडला. मुळगावकर छापखान्याकडे वळले.

छापखान्याकडे वळणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. त्या काळी मराठी घरात रंगीत चित्र येण्याचे दरवाजे तीन: भिंतीवरचे कॅलेंडर, दिवाळी अंक आणि कादंबरीचे वेष्टन. दिवाळी अंकाची प्रथा ज्यांनी 1909 साली ‘मनोरंजन’मधून पाडली, ते काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर, म्हणजे आडनावाने पेडण्याच्या वेशीपलीकडचेच. 1945 साली दलालांनी ‘दीपावली’ सुरू केला आणि चित्रकारानेच अंक काढायचा हा नवा पायंडा पडला. मुळगावकरांनीही ‘रत्नप्रभा’ काढला. दिवाळीच्या आधी दुकानात टांगलेल्या अंकांत दलालांची बाई कोणती आणि मुळगावकरांची कोणती, हे लांबून ओळखणारे वाचक होते. दलालांची ताकद रेषेत. मुळगावकरांच्या चित्रात रेष जवळजवळ दिसतच नाही. तिथे असते ती झळाळी: ओलसर डोळे, गालावर उतरत गेलेला उजेड, दागिन्यावर एकच चमकता ठिपका, आणि मागे धुके.

हे धुके येते कुठून? मुळगावकर फवाऱ्याने रंग देत, ज्याला सगळे स्प्रे म्हणत. दाबलेल्या हवेने रंग बारीक तुषारांत उडवायचा. जिथे रंग नको तिथे कापलेला कागद झाकण म्हणून ठेवायचा, एक थर वाळला की दुसरा. कुंचल्याचा फटकारा उरत नाही, गडद रंग फिक्यात नकळत विरतो. हात जरा जास्त रेंगाळला की डाग पडलाच, आणि तो पुसता येत नाही. त्या काळचे रंगीत चित्र पिवळा, तांबडा, निळा आणि काळा अशा वेगवेगळ्या ठशांतून, बारीक ठिपक्यांनी छापले जाई. छापखान्यात कुंचल्याच्या खरखरीत फटकाऱ्याचा चिखल व्हायचा, पण फवाऱ्याचे मऊ उतार ठिपक्यांत बऱ्यापैकी उतरायचे. मुळगावकरांनी चित्र काढताना छपाईचा विचार केला होता, असे आम्हाला ही चित्रे भिंगाखाली पाहिल्यावर वाटते.

आमच्या तसबिरीतली लक्ष्मी निळी का पडली, हेही यातूनच कळते. उजेडात तांबडी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी आणि काळी टिकते. मूळ चित्रात ती गुलाबी कमळावर बसलेली असणार.

त्यांनी काय काय काढले? गणपती, लक्ष्मी, दत्त, रामपंचायतन, राधाकृष्ण, शिवराय. मासिकांची मुखपृष्ठे, कॅलेंडरे. आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची वेष्टने. ज्या हाताने दत्त काढला त्याच हाताने झुंजार आणि काळापहाड यांच्या जगातली काळोखी रात्र आणि घाबरलेली तरुणी काढली. आमच्यातल्या एका आजींना हे ऐकून धक्काच बसला, कारण त्यांच्या घरात एक चित्र देवघरात होते आणि दुसरे गादीखाली लपवून वाचले जाई.

सगळीच चित्रे आम्हाला सारखी आवडली असे नाही. त्यांच्या स्त्रिया कधी कधी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. पुरुषांचे चेहरे नको तितके कोवळे. पण एका दिवाळीच्या तोंडावर किती छापखाने चित्रासाठी दारात बसलेले असतील, याचा विचार केला की टीका करणारी जीभ जरा आवरते.

या कामाची एक किंमत त्यांना द्यावी लागली, आणि ती आज आपण मोजतो आहोत. चित्रकारांच्या वर्तुळात कॅलेंडरचा चित्रकार हे शब्द दूषण म्हणूनच वापरले जात. गायतोंडे, सूझा यांचे कॅनव्हास कोट्यवधींना विकले जातात, संग्रहालये ते जपतात. कॅलेंडरचे मूळ चित्र मात्र बहुधा छापखान्याकडे किंवा गिऱ्हाइकाकडे राही आणि काम झाले की तिथेच धूळ खाई. छापलेले चित्र वर्ष संपले की उतरवायचे. देवाचे असेल तर कापून चौकटीत घालायचे, आणि कापताना खालची पांढरी पट्टी, जिच्यावर छापखान्याचे नाव असते, ती आधी जाते. पुष्कळदा सहीही जाते. ग्रंथालयात जुने अंक बांधताना मुखपृष्ठेच काढून टाकतात. लाखो घरांत पोचलेला चित्रकार अशा रीतीने नावानिशी पुसला जातो.

मधल्या काळात गावही दुरावले. 15 ऑगस्ट 1955 रोजी पेडण्यातल्या पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, पुढे नाकेबंदी आली, मुंबईहून गावी जाणे सोपे राहिले नाही. मुळगावकरांचे नाव मुंबईत, पुण्यात, नागपुरात दुमदुमत होते ती हीच वर्षे. 19 डिसेंबर 1961 नंतर रस्ते उघडले आणि चवथीला गावी जाणाऱ्या आपल्या माणसांच्या ट्रंकांतून ही कॅलेंडरे उजळ माथ्याने माटोळीखालच्या भिंतींवर जाऊन बसली.

30 मार्च 1976 रोजी रघुवीर मुळगावकर गेले. वय 57. दलाल पाच वर्षे आधी, 1971 साली गेले होते. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचा एक काळ तिथे संपला.

आता मंडळींना एक विनंती. घरात, गावच्या माडीवर, जुन्या ट्रंकेत पाहा. कोपऱ्यात ही सही असलेले काहीही सापडले तर चौकट उघडू नका, कागद काचेला चिकटलेला असतो आणि ओढला की चेहरा निघून येतो. पुसायला ओले फडके नको. उन्हापासून दूर ठेवा. दिवसाच्या उजेडात, काचेत आपली सावली येणार नाही असा फोटो काढून मंडळाकडे पाठवा, सोबत ते घरात कोणी आणि साधारण कधी आणले एवढे लिहा. चित्र तुमच्याकडेच राहील. रहस्यकथांची वेष्टनेही हवी आहेत, लाजू नका.

आतापर्यंत 11 फोटो आले आहेत. त्यांत एक पेडण्याच्या घरातला दत्त आहे, तुळयांच्या अंधारात टांगलेला, त्यामुळे रंग जवळजवळ शाबूत. आमच्या लक्ष्मीचे कमळ कसे असेल, याचा अंदाज आम्ही आता त्या दत्ताच्या पायाशी असलेल्या फुलांवरून करतो.