शिक्षा आणि शिक्षण : पंडिता रमाबाई

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा माझ्या मनात दुसरे नाव आलेच नाही. मात्र त्याचे कारण आधी सांगायला हवे. आपल्यातील एका भगिनीचे तरुण मूल गेले. मी समाचाराला गेले होते. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायाचा आधार घेऊन मी तिला म्हटले, की देव प्रीतीच्या लेकरांनाच शिक्षा करतो. ती काही न बोलता उठून आत गेली. घरी आल्यावर मला आपले बोलणे बोचू लागले, आणि कपाटातले रमाबाईंचे चरित्र मी पुन्हा काढले.

बाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले, आणि आईने मुलीला. सारे कुटुंब तीर्थे हिंडत पुराणे सांगून पोट भरी. पुढे दुष्काळ पडला. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. भाऊ श्रीनिवास, कशीबशी जमलेली दोन माणसे आणि सोळा वर्षांची ही मुलगी. उंचीने लहान असल्यामुळे तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेऊन दूरच्या स्मशानापर्यंत नेला. तो प्रसंग वाचताना पुस्तक मिटावेसे वाटते.

मग भाऊबहीण पायी भारतभर हिंडली. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केले, आणि १८८२ च्या आरंभी पतीही गेला. तेविसाव्या वर्षी पदरी तान्ही मनोरमा! एवढे आघात झाले तेव्हा बाई ख्रिस्ती नव्हत्या, हे आपण विसरतो. ख्रिस्ती झाल्यावर दुःख येते किंवा संपते, या दोन्ही समजुती त्यांच्या आयुष्यापुढे टिकत नाहीत.

पुण्यात आर्य महिला समाज काढून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. बरोबरच्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आपले जीवन संपविले. तो धक्का ताजा असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे बाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण त्या मुकाट्याने मान डोलविणाऱ्या नव्हत्या. मठातील भगिनींशी त्यांचे मोठे वाद झाले. क्रुसावरची लॅटिन अक्षरे आपल्याला परकी, तेथे संस्कृत असावे, हा त्यांचा आग्रह होता. माणसांनी घातलेली शिस्त त्यांनी तपासल्याशिवाय कधी मानली नाही. मला हा त्यांचा गुण वाटतो. दोष म्हणणाऱ्याही आपल्यात आहेत! मंडळाच्या बैठकीत यावर एकदा चांगलीच खडाजंगी झाली होती.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढे ते पुण्यास आले. विधवा मुलींना तेथे शिक्षण मिळे. मुली ख्रिस्ती होतात असा गवगवा होऊन १८९३ मध्ये सल्लागार मंडळी बाहेर पडली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी प्रत्यक्ष ख्रिस्त आपल्याला नंतर सापडला, असे बाईंनी १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगितले आहे. तो शोध चालू होता तोही याच पुण्याच्या वर्षांत.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुली घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात आई गमावलेली बाई दुष्काळातल्या मुलींना शोधीत हिंडली! दौंडच्या अलीकडे केडगावच्या उजाड माळावर विहिरी खोदल्या, मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथे दीड हजारांहून अधिक बायकामुली होत्या. माग, तेलाचा घाणा, शेती, छापखाना, अंध स्त्रियांना ब्रेल. कुणी रिकामे बसत नसे. खिळे जुळविण्याचे कामही बायकाच करीत.

त्याच छापखान्यासाठी बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठी बायबल करावयास घेतले. आयुष्यभर संस्कृतात वाढलेल्या बाईंनी जड संस्कृत शब्द वेचून बाजूला काढले. खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून. कान जवळजवळ गेले होते, तरी काम पंधरा वर्षांहून अधिक चालले.

आणि मग २४ जुलै १९२१. मनोरमाबाई गेल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. संस्था ज्यांच्या हाती सोपवायची, त्याच. बाई त्या वेळी त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, प्रकृती ढासळली होती. ही कशाची शिक्षा, असे मला चरित्राच्या त्या पानावर मोठ्याने विचारावेसे वाटले. आपल्या मराठीत शिक्षा म्हणजे दंड; संस्कृतात तोच शब्द शिकविण्याचा आहे. पत्रातला बाप छडी मोजीत बसलेला नसून लेकराला शिकवीत बसलेला असेल, तर मी त्या दिवशी बोलले ते अर्धेच होते, आणि तेही चुकीच्या वेळी. शिकविणारा जवळ बसतो. मी उंबऱ्यातून धडा सांगितला.

बाईंनी काय केले? त्या मुद्रिते तपासायला बसल्या. नऊ महिन्यांत काम हातावेगळे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघाले.

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या भगिनीच्या घरी गेले. या वेळी वचन सांगितले नाही. दोघींनी मिळून शेंगा सोलल्या. निघताना तिनेच चरित्र मागून घेतले. ते अजून तिच्याकडेच आहे.