थॉमस पेन

इंग्लंडमधील थेटफर्ड या गावी इ. स. १७३७ मध्ये थॉमस पेनचा जन्म झाला. त्याचे वडील स्त्रियांच्या घट्ट चोळ्या शिवण्याचा धंदा करीत. तेराव्या वर्षाच्या सुमारास थॉमसची शाळा सुटली व तो वडिलांच्या हाताखाली काम करू लागला. पुढे तो अबकारी खात्यात नोकरीस लागला. तेथील नोकरांचा पगार फार तुटपुंजा होता. त्यांची कैफियत त्याने लिहून काढली. पण तिचा उपयोग झाला नाही. १७७४ मध्ये त्याची स्वतःची नोकरीही गेली.

बेंजामिन फ्रँकलिन या थोर अमेरिकन पुरुषाशी लंडनमध्ये त्याची ओळख झाली होती. त्याची शिफारसपत्रे घेऊन पेन अमेरिकेस निघाला. प्रवासात तो तापाने इतका खंगला, की फिलाडेल्फियाच्या बंदरात त्याला उचलूनच उतरवावे लागले.

त्या वेळी अमेरिकेतील तेरा वसाहतींवर इंग्लंडचे राज्य होते. १७७५ मध्ये लढाईस तोंड लागले, तरी राजाशी नाते तोडण्यास पुष्कळांचे मन धजत नव्हते. अशा वेळी, जानेवारी १७७६ मध्ये, पेनची 'कॉमन सेन्स' ही लहानशी पुस्तिका प्रसिद्ध झाली. दूरच्या राजाने आपल्यावर राज्य का करावे, हा प्रश्न तिने शेतकऱ्याला व कारागिराला समजेल अशा सोप्या भाषेत विचारला. तिच्या हजारो प्रती खपल्या. आपल्या वाट्याचा नफा पेनने सैनिकांच्या हातमोज्यांसाठी देऊ केला. त्याच वर्षी जुलैमध्ये वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले.

परंतु डिसेंबरपर्यंत वॉशिंग्टनच्या सैन्याला सारखी माघार घ्यावी लागली. थंडीने व पराभवाने सैनिक खचले होते. सैन्याबरोबर असलेल्या पेनने त्यांना धीर देणारा लेख लिहिला व तो सैनिकांना वाचून दाखवण्यात आला. नाताळच्या रात्री त्याच सैन्याने बर्फाने भरलेली डेलावेअर नदी ओलांडली आणि ट्रेंटन येथे विजय मिळवला.

१७९१ मध्ये पेनने 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ लिहून फ्रान्समधील क्रांतीची बाजू मांडली. इंग्लंडच्या सरकारने त्याच्यावर खटला भरला. फ्रान्सच्या लोकांनी मात्र त्याला आपला प्रतिनिधी निवडले. तेथेच त्याची खरी कसोटी लागली. पदच्युत राजा सोळावा लुई यास ठार मारावे, असे अनेकांचे म्हणणे होते. पेन राजेशाहीचा कट्टर विरोधक. तरीही राजाचा जीव घेऊ नये, त्याला अमेरिकेत पाठवावे, असे त्याने भर सभेत सुचवले. त्याचे कोणी ऐकले नाही. राजाचा शिरच्छेद झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, म्हणजे डिसेंबर १७९३ मध्ये, पेनलाही तुरुंगात टाकण्यात आले. सुमारे दहा महिन्यांनी त्याची सुटका झाली.

धर्मावरील परखड लिखाणामुळे पुढे अमेरिकेतही पुष्कळ लोक त्याच्यावर रुष्ट झाले. १८०९ मध्ये न्यूयॉर्क येथे तो वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीस मोजकीच माणसे होती.

पण त्याचे शब्द मागे राहिले. पुण्यातील एका तरुणाने 'राइट्स ऑफ मॅन' मनापासून वाचला. सर्व माणसे समान आहेत, हा विचार त्याच्या मनात दृढ झाला. तो तरुण म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा उघडली. शत्रूपुढे सत्य बोलण्यास धैर्य लागते. परंतु आपल्याच सोबत्यांपुढे ते बोलण्यास त्याहून अधिक धैर्य लागते. पेनपाशी ते होते.