पाटीलबावांची फौज

आपले मंडळ सुवर्णमहोत्सव साजरा करीत असताना, महाराष्ट्राबाहेर आयुष्य वेचलेल्या एका थोर पुरुषाचे स्मरण उचित ठरेल. ते म्हणजे महादजी शिंदे.

राणोजी शिंद्यांच्या या पुत्राने 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतचा संहार अनुभवला. घरातील कर्ती माणसे उत्तरेत कामी आली होती. स्वतः महादजी पायाला झालेल्या जखमेने जन्माचे अधू झाले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना वाचविले, असे परंपरा सांगते. महादजींनी त्याला पुढे भाऊ मानले व सरदारकी दिली.

चपळ घोडदळ हे मराठ्यांचे परंपरागत बळ. परंतु उत्तरेतील किल्ले व तोफखाने यांपुढे ते एकटे पुरे पडत नाही, हे महादजींनी ओळखले. म्हणून 1784 साली त्यांनी सॅव्हॉयच्या द बॉइन यास चाकरीत घेऊन दोन पलटणी उभारविल्या. 1787 साली लालसोटच्या मोहिमेत बादशाही पलटणी शत्रूस मिळाल्या, तेव्हा या दोन पलटणी मात्र ढळल्या नाहीत. त्या अनुभवातून पुढे कवायती कंपू वाढत गेले. शिपाई हिंदुस्थानी, हिंदू व मुसलमान दोन्ही. अधिकारी बहुधा युरोपीय. तोफा आग्र्यास ओतल्या जात. पगार वेळेवर मिळावा म्हणून दुआबातील मुलूख तोडून दिलेला होता. शिस्तीचे खरे मूळ याच व्यवस्थेत होते. शिवाय मराठी स्वार व गोसाव्यांची पथके होतीच. पोलंडमध्येही सतराव्या शतकात देशी घोडदळाच्या जोडीस परकीय धर्तीचे पायदळ ठेवीत. तेव्हा ही मिश्र रचना जगावेगळी नव्हती.

1790 साली पाटण व मेडता येथे या कंपूंनी विजय मिळविले. मात्र 1793 साली लाखेरीस तेच कंपू होळकरांवर, म्हणजे मराठ्यांवरच, चालून गेले. 12 फेब्रुवारी 1794 रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजी निवर्तले.

1803 साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच अनेक गोरे अधिकारी शत्रूकडे निघून गेले. तरीही असई व लासवारी येथे हिंदुस्थानी शिपाई व गोलंदाज आपल्या तोफांपाशी लढत पडले. निष्ठा शिपायांत होती. उणीव एवढीच, की सैन्याचे नेतृत्व करण्याची विद्या आपली माणसे पुरती शिकली नव्हती. महादजींना आणखी दहा वर्षे लाभती, तर ही उणीव भरून निघाली असती काय, हा प्रश्न मनाला चटका लावतो.

1817 साली भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेलेल्या याच जबलपुरात 1904 साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. आज तेथे आपलीच माणसे आपल्याच सैन्यासाठी तोफा घडवितात. भोंग्याचा आवाज कानी पडला की मला पाटीलबावांची आठवण होते. परक्याची विद्या अवश्य घ्यावी, पण ती आपल्या हाती मुरेपर्यंत स्वस्थ बसू नये, हाच त्यांच्या चरित्राचा बोध आहे.